साक्षीदाराचा रकाना

"बघितलं कुणी?"

एवढं विचारून मेजर पेनाला टोपण लावायचे. टोपण लागलं की समोरच्यानं समजायचं, उत्तर मिळेपर्यंत कागदावर अक्षर उमटणार नाही. लोहारा तहसीलच्या आवारात, लिंबाखाली, स्टँपवाल्याच्या शेजारी त्यांचं टेबल होतं. मी आत अव्वल कारकून. माझ्या खिडकीतून मला मेजरांची पाठ दिसायची आणि समोर बसलेल्या अर्जदाराचं तोंड. ते तोंड पडलं की मी ओळखायचो, टोपण लागलं.

मेजर ही गावानं दिलेली पदवी. आपल्याकडं फौजेतून परत आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो, तुमच्याही गावात असा एखादा असेलच. आमचे मेजर मात्र दर नव्या माणसाला समजावून सांगायचे, "मी मेजर न्हाय. हवालदार. त्यात बी क्लार्क. बंदुकीपेक्षा टाइपरायटर जास्त चालीवला." समोरचा मान हलवून म्हणायचा, "व्हय मेजर." मग ते नाद सोडायचे.

पलटणीच्या कचेरीत त्यांनी बावीस वर्षं काढली. तिथं त्यांच्याकडं एक खास काम होतं, शौर्यपदकाच्या शिफारशींचं. कुठं चकमक झाली, कुणी जिवावर उदार होऊन काही केलं, की त्या शिपायाची शिफारस वर जाते. खाली सही साहेबाची असते, पण मजकूर जुळवायचा तो कारकुनानं. मेजरांनी जुळवलेली शिफारस वरून कधी परत येत नसे, असं ते सांगायचे. यात बढाई नव्हती. परत येईल असं वाटलं तर ते ती पाठवतच नसत.

त्यांची लिहायची रीत मी जवळून पाहिली. एकदा एका गावचे सरपंच पुतण्याला घेऊन आले. पोरानं विहिरीत पडलेल्या मुलीला वाचवलं होतं आणि त्याचा सत्कार व्हावा म्हणून अर्ज करायचा होता. शाळेच्या गुरुजींनी दोन पानं मजकूर लिहून दिलेला. सिंहाचं काळीज, निधडी छाती, सगळं होतं त्यात.

मेजर म्हणाले, "सिंह काढा. छाती काढा. पोरगं कसं हाय ते नगं, पोरानं केलं काय तेवढं सांगा. आन् बघितलं कुणी?"

"समद्या गावानं बघितलं की."

"समदं गाव काठावर हुबं र्‍हाऊन बघत व्हतं? आन् हा एकटाच उतरला?"

मेजरांनी टोपण काढलं आणि म्हणाले, "हेच लिवतो." सात ओळींचा अर्ज झाला. सत्कार झाला त्या दिवशी जिल्ह्याच्या साहेबांनी त्या सात ओळी जशाच्या तशा वाचून दाखवल्या. गाव खाली मान घालून टाळ्या वाजवत होतं.

घरीही हाच कायदा. त्यांच्या मंडळी, आमच्या काकू, म्हणायच्या, मांजरानं दूध सांडलं. हे विचारणार, बघितलं कुणी? त्या घरात मांजर कायम निर्दोष सुटायचं.

माझ्यावरही एकदा हा प्रसंग आला. पुराच्या ड्युटीवर असताना मी एका म्हातारीला पाठुंगळीला घेऊन ओढा पार केला होता. चहा पिता पिता ते सांगितलं, जरा रंगवूनच सांगितलं असेल. मेजरांनी कप खाली ठेवून तोच प्रश्न विचारला. मला भयंकर राग आला. आपण काय पदक मागत होतो का यांच्याकडं? चार दिवस मी त्या लिंबाकडं फिरकलो नाही. पाचव्या दिवशी त्यांनीच चहा सांगून मला बोलावलं. "तुमी म्हातारी नेलीच आसंल," ते म्हणाले. "पर माझ्या म्हणण्याला काय किंमत? माझा तसा सराव झालाय, राग धरू नगा." माणूस कोरडा होता, पण खोटा नव्हता. त्यानंतर आमची दोस्ती पक्की झाली.

त्यांच्याकडं नेमानं येणाऱ्यांत एक अंबादासकाका होते. लोहाऱ्यापासून सातआठ किलोमीटरवरच्या गावचे. त्यांचा मुलगा बालाजी मेजरांच्याच पलटणीत शिपाई होता. सव्वीस वर्षांपूर्वी बर्फाच्या डोंगरातल्या एका चौकीवर तो गेला. दरवर्षी नोव्हेंबरात बालाजीच्या आईच्या हयातीच्या दाखल्यासाठी काका यायचे. मेजर त्यांचे कागद सगळ्यांच्या आधी करायचे, आणि कागद नीट लागले की नाही ते बघायला स्वतः उठून आत यायचे. इतर कुणासाठी ते खुर्ची सोडत नसत.

एक गोष्ट मात्र मला खटकायची. काका दरवेळी चहा सांगायचे आणि मेजर दरवेळी म्हणायचे, "पित्त झालंय काका." काका जीपमध्ये बसून गेले की दहा मिनिटांत माझ्याबरोबर तोच चहा प्यायचे. मी कारकून माणूस, अशा गोष्टी टिपतो. विचारलं मात्र कधी नाही.

दोन वर्षांपूर्वी काका अवेळीच आले. हातात पत्र्याची नळी होती. मधली सुट्टी होती म्हणून मीही लिंबाखाली बसलो होतो. काकांनी नळीतून पिवळा पडलेला, घड्यांवर फाटलेला एक मोठा इंग्रजी कागद काढला. त्यांच्या आजोबांचे वडील सटवाजीबाबा, निजामाच्या मुलखातून इंग्रजांच्या पलटणीत गेलेले, ब्रह्मदेशाच्या मोहिमेवर. मोहीम संपल्यावर कुणाकुणाला शौर्याचं पदक द्यावं, त्या शिफारशींच्या यादीची ती नक्कल होती.

"सटवाजीबाबाची शिफारस नील साहेबानं केली," काका सांगू लागले. "लई मोठा गोरा साहेब. घोड्यावर बसून समदं बघत व्हता. बाबाचं काम बघून त्येच्या डोळ्याला पाणी आलं म्हनं. पदक मिळालं व्हतं, ते दुष्काळात मोडलं. कागद ऱ्हायला."

निजामाच्या काळात उर्दूत शिकलेल्या कुणा मास्तरांनी काकांच्या आजोबांना तो कागद वाचून दाखवला होता. साक्षीदार म्हणून नील असं नाव आहे, असं त्यांनी सांगितलं. तेव्हापासून नील साहेब त्या घरचाच झाला. खंडेनवमीला विळा, कोयता, पाभर यांच्याबरोबर हा कागद पूजेला ठेवायचे आणि कागदापुढं नील साहेबासाठी एक चिरूट. गावात चिरूट मिळेनासा झाला तसं बिडीवर भागवू लागले. आम्ही दोघंही हसलो. काकाही हसले.

आता ग्रामपंचायत शाळेसमोर दगड बसवणार होती. गावातून फौजेत गेलेल्यांची नावं त्यावर कोरायची होती. वर सटवाजीबाबांचं नाव, नील साहेबाच्या शिफारशीसकट, आणि खाली बालाजीचं. त्यासाठी काकांना कागदाचं मराठी करून हवं होतं, मेजरांच्या हातचं.

"सटवाजीबाबाला नील साहेब भेटला," काका म्हणाले. "माझ्या बालाजीला कुणी भेटला न्हाय. लोकं इच्यारत्यात, त्येला पदक कसं न्हाय? म्हंजी तसाच मेला का? आता दगडावर सटवाजीबाबाखाली त्येचं नाव लागलं की म्हनता यील, ह्याच घरचा."

मेजर कागद वाचत होते. फार वेळ वाचत होते. मी मान तिरपी करून बघितलं. नंबर, नाव, कामगिरी, साक्षीदार, शेरा असे रकाने आखलेले. माझं इंग्रजी सरकारी, पण साक्षीदाराच्या रकान्यातला तो शब्द मी दुसऱ्यांदा बघायची गरज नव्हती. आमच्या कचेरीतून दर महिन्याला तो वर जातो. मराठीत आम्ही त्याला निरंक म्हणतो. माहिती निरंक, तक्रारी निरंक. तो शब्द निल होता. निल म्हणजे कुणीही नाही.

मेजरांचं माझ्याकडं लक्ष गेलं. मी डोळ्यांनीच सांगितलं, राहू द्या. काय बिघडणार होतं? एक दगड, त्यावर एक नसलेला साहेब. यापेक्षा मोठमोठी खोटी नावं आपण चौकाचौकात वाचतो. मेजरांनी पेनाला टोपण लावलं.

"काका, नील साहेब न्हवता," ते म्हणाले.

"म्हंजी?"

"नील नाव न्हाय. निल हाय. बघनारं कुणी न्हाय, आसा त्येचा अर्थ." मग कागदावर बोट ठेवून त्यांनी एकेक रकाना सांगितला. सटवाजी जळत्या गावात दोनदा गेला आणि दोन जखमी शिपाई बाहेर काढले. तिसऱ्यांदा गेला तेव्हा हात भाजून परत आला. हे त्या दोन शिपायांनीच सांगितलं होतं. पण साक्ष गोऱ्या साहेबाची लागायची आणि साहेब त्या बाजूला नव्हता. म्हणून निल. आणि शेऱ्यात लिहिलं होतं, पुढं पाठवू नये.

काकांनी कागदावरच्या त्या बोटाकडं बघितलं. मग म्हणाले, "गाव कुणी जाळलं व्हतं?"

"ह्यांनीच. पलटणीनं. ते लिवायला रकाना न्हाय ह्यात."

"मग आमी इतकी वरसं चिरूट कुणाला ठिवला?"

यावेळी कुणी हसलं नाही. गोष्ट इथं थांबली असती तरी मला चाललं असतं. मेजरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "काका, बालाजीच्या कागदावर बी त्येच हाय. निल. म्या टाइप केलंया."

त्यानंतर त्यांनी जे सांगितलं ते मी शेजारी बसून ऐकलं. त्या दुपारी चौकीवर गोळा पडला आणि खंदकाचं छत आत बसलं. आत तिघं गाडले गेले. बालाजी बाहेर पहाऱ्यावर होता, त्याच्याजवळ फोन होता. खाली कचेरीत फोनवरचा माणूस जेवायला गेला होता म्हणून मेजरांनी तो उचलला. आपल्या भागातला आवाज ओळखून बालाजी मराठीतच बोलला. फोन बंद झाला आणि थोड्या वेळानं दुसरा गोळा पडला. चौघेही गेले. बालाजी खंदकाच्या तोंडाशी सापडला, आतल्या एकाचा हात धरलेला.

"मोठ्या साहेबानं शिफारस तयार कर म्हनून सांगितलं," मेजर म्हणाले. "साक्षीदाराचा रकाना आला. बघनारं समदे मेलेले. म्या ऐकलं व्हतं, बघितलं न्हवतं. ऐकलेलं चालत न्हाय, हे म्याच ठरीवलं. साहेबानं इच्यारलं बी न्हाय. त्येच्या आदल्याच म्हयन्यात दुसऱ्या एकाची शिफारस म्या आशीच अडीवली व्हती, शाबासकी मिळाली व्हती. निल टाइप केलं. कागद खालीच ऱ्हायला."

मी अंबादासकाकांकडं बघायचं टाळत होतो. ते एवढंच म्हणाले, "तुमी त्येचा आवाज ऐकला?"

"व्हय."

"काय म्हनला? जसं म्हनला तसंच सांगा."

मेजर सरळ बसले. "साहेब, छत पडलं. आत तिघं हाईत. एकाचा आवाज येतुया. मोठ्या साहेबास्नी सांगा, म्या आत चाललो."

काकांनी ते पुन्हा सांगायला लावलं. मग आणखी एकदा. तिसऱ्यांदा ऐकल्यावर त्यांनी विचारलं, "आईचं नाव न्हाय घेतलं?"

तुम्ही असता तर काय सांगितलं असतं? मी तर घेतलं म्हणून सांगून मोकळा झालो असतो, आणि मला त्याची लाजही वाटली नसती. मेजर म्हणाले, "न्हाय. तेवढंच बोलला."

काका उठले. रामराम न करता फाटकातून बाहेर गेले. कागद आणि नळी टेबलावरच राहिली.

त्या नोव्हेंबरात काका आले नाहीत, दाखल्याचं काम त्यांनी दुसऱ्याच कुणाकडून करून घेतलं. आणि मेजर बदलले. कुणीही येऊन काहीही सांगावं, हे मुकाट्यानं लिहून देऊ लागले. एकानं चक्क सांगितलं की आपण बिबट्याला काठीनं हाकलला. मेजरांनी बिबट्या लिहिला, काठीही लिहिली. मला ते बघवेना. जुन्या खोडीनं छळणारा माणूस खोडी सोडतो तेव्हा जास्त छळतो.

मग एक दिवस ते आत माझ्या टेबलापाशी आले आणि दोन पानांचं प्रतिज्ञापत्र पुढं ठेवलं. फोनवर काय ऐकलं ते त्यात लिहिलं होतं. एकही विशेषण नव्हतं. शेवटी दोनच वाक्यं होती: ही माहिती मी त्या वेळी दिली नाही. मला कुणीही अडवलेलं नव्हतं.

"इतक्या वर्षांनी आता याचा उपयोग काय, मेजर?" मी विचारलं.

"उपयोग बघून लिवलं न्हाय."

मी ते जिल्ह्याला पाठवलं, जिल्ह्यानं पुढं पाठवलं. एक प्रत घेऊन मेजर स्वतः जीपनं काकांच्या गावी गेले, पत्र्याची नळीही घेऊन गेले. तिथं काय झालं ते मी दुसऱ्या दिवशी विचारलं.

"काय न्हाय. चहा दिला."

"घेतलात?"

"घेतला," ते म्हणाले, आणि पेन शोधायला लागले. पेन खिशालाच होतं.

चैत्रात मेजर गेले. सकाळी आंघोळीला पाणी काढताना छातीत कळ आली, मोठ्या दवाखान्यात नेताना तुळजापूरच्या अलीकडंच संपलं. अंत्यविधीला फौजेतली चारसहा जुनी माणसं आली होती. अंबादासकाका सगळ्यांच्या मागं उभे होते. गर्दी पांगल्यावर त्यांनी पुढं होऊन चितेवर एक लाकूड ठेवलं आणि निघून गेले.

पुढच्याच महिन्यात वरून पत्र आलं. प्रतिज्ञापत्राचा विचार करता यावा म्हणून साक्षीदारास समक्ष हजर ठेवावे. ते शक्य नसल्यास तसे कळवावे, म्हणजे प्रकरण निकाली काढता येईल.

या नोकरीत मी हजारो पत्रं वाचली, पण त्या पत्राइतकी शिसारी कोणत्याच पत्राची आली नाही. पत्रात चूक काहीच नव्हती. मेजरांनी ते वाचलं असतं तर बरोबर आहे म्हणाले असते. हेच जास्त लागलं.

मी काकांना बोलावून घेतलं आणि वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मी जातो."

"तुम्ही तिथं नव्हता, काका."

"मेजर बी न्हवतं. ते फोनवर व्हतं. त्येंनी ऐकलं, मला सांगितलं. मला पाठ हाय." आणि माझ्या टेबलासमोर, हात दोन्ही बाजूंना सरळ सोडून, ते मुलाचं बोलणं म्हणू लागले. "साहेब, छत पडलं. आत तिघं हाईत." शेजारची टायपिस्ट थांबली. काकांनी शेवटपर्यंत म्हटलं, एक शब्द चुकला नाही. मग ते खुर्चीवर बसले आणि पाणी मागितलं.

"चालतंय का ह्ये?" त्यांनी विचारलं.

"नाही, काका."

"मग आता?"

"साक्षीदार मयत म्हणून कळवावं लागेल. ते कळवलं की प्रकरण बंद."

"न्हाय कळीवलं तर?"

"तर स्मरणपत्र येतं."

"त्येचं बी उत्तर न्हाय दिलं तर?"

"दुसरं येतं."

"बालाजीच्या नावानं येतं?"

"विषयाच्या ओळीत त्याचंच नाव असतं."

काकांनी विचार केला. "मग यिऊ द्या की," ते म्हणाले.

मी उत्तर पाठवलेलं नाही. आजवर माझ्या टेबलावर कागद कधी मुद्दाम अडकलेला नव्हता, हा अडकवला आहे. त्यासाठी माझ्यावर ताशेरे येतील, येऊ देत. येत्या मार्चात मी निवृत्त होतो. माझ्या जागेवर कोण येईल आणि त्याला हे कसं समजावून सांगायचं, ते मला ठाऊक नाही. लिंबाखाली आता एका झेरॉक्सवाल्यानं टपरी टाकली आहे.

गेल्या सोमवारी चौथं स्मरणपत्र आलं. निरोप धाडला तसे काका दुपारच्या जीपनं आले. खुर्चीत नीट बसले, टोपी मांडीवर घेतली.

"नुसती वरची वळ वाचा," ते म्हणाले.

मी वाचली. "विषय: शिपाई बालाजी अंबादास यांच्या शौर्याबाबत."

"'शौर्याबाबत' आसंच लिवलंय न्हवं त्येंनी?"

"व्हय काका," मी म्हणालो. "असंच लिहिलंय."